कर्करोगाचा पत्ता माणसाच्या सवयींत शोधणारे डॉ. खानोलकर

उन्हाळा टिपेला पोहोचला की गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या जंगलांत पहाटेपासून माणसांची वर्दळ सुरू होते. तेंदूची पाने खुडायची, ओसरीवर बसून त्यांचे पुडे बांधायचे आणि ते फडावर नेऊन मोजून द्यायचे. खरिपाच्या तोंडावर हाती रोख पैसा देणारे हे काम. या पानांत तंबाखू भरून बिडी वळली जाते. भाताच्या गिरण्यांइतकीच बिडीनेही या भागाला ओळख दिली आणि असंख्य स्त्रियांच्या हातांना घरबसल्या काम दिले. दुसरीकडे, गावोगावच्या पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्याला कोणताही हंगाम लागत नाही. तो बारमाही आहे.

या वस्तूंचा माणसाच्या तोंडातील पेशींशी नेमका काय संबंध आहे, हा प्रश्न ज्यांनी भारतात पद्धतशीरपणे विचारला आणि पुराव्यानिशी त्याचे उत्तर शोधले, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. त्यांची कर्मभूमी मुंबईतील परळ. पूर्व विदर्भाशी त्यांचे नाव सहसा कोणी जोडत नाही. तथापि तेंदूपत्त्याच्या आणि खर्ऱ्याच्या या प्रदेशाला त्यांच्या संशोधनाइतके थेट लागू पडणारे संशोधन क्वचितच सापडेल.

खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वडील लष्करात शल्यचिकित्सक होते आणि त्यांची नेमणूक क्वेट्टा येथे होती. वैद्यकीचा वारसा असा घरातच होता. मात्र मुलाने शस्त्रक्रियेचा मार्ग धरला नाही. उच्च शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. रोग्याच्या उशाशी उभा राहणारा डॉक्टर समाजाला दिसतो; रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रोगाचे नाव सांगणारा डॉक्टर दिसत नाही. खानोलकरांनी हे न दिसणारे काम निवडले. त्या काळात या शाखेत ना पैसा होता, ना प्रसिद्धी.

ते लंडनमध्ये शिकत होते, तो काळ कर्करोगाच्या संशोधनाला कलाटणी देणारा होता. धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो, हे लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच नोंदवले होते. पुढे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशो यांनी प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हा सिद्धांत रूढ केला आणि ऊतींना दीर्घकाळ होणारा दाह कर्करोगाला कारणीभूत ठरतो, असे मत मांडले. परंतु मत मांडणे वेगळे आणि ते प्रयोगाने सिद्ध करणे वेगळे. अनेकांनी प्राण्यांच्या त्वचेवर डांबर लावून पाहिले, हाती काही लागले नाही आणि प्रयोग सोडून दिले. जपानचे कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी तो सोडला नाही. सशांच्या कानांवर ते महिनोन्महिने कोळशाचे डांबर चोळत राहिले आणि १९१५ मध्ये त्यांनी कर्करोग निर्माण करून दाखवला. १९२६ चे नोबेल पारितोषिक मात्र मिळाले ते योहानेस फिबिगर यांना, एका कृमीमुळे कर्करोग होतो या शोधासाठी. तो शोध पुढे चुकीचा ठरला. यामागिवांचा डांबराचा प्रयोग आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

डांबरातील नेमका कोणता पदार्थ दोषी, याचा छडा लंडनमध्येच लागला. अर्नेस्ट केनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० मध्ये शुद्ध स्वरूपातील एक रसायन कर्करोगकारक असल्याचे दाखवले. त्यानंतर १९३३ मध्ये कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरीन वेगळे काढण्यात आले. हाच पदार्थ तंबाखूच्या धुरातही असतो. बिडीच्या असो वा सिगारेटच्या.

मायदेशी परतल्यावर खानोलकर यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. भारतीय डॉक्टरांनीच शिकवायचे, या आग्रहातून १९२६ मध्ये उभे राहिलेले हे दुसरे महाविद्यालय म्हणजे केईएम रुग्णालयाची जोडसंस्था. परदेशी पाठ्यपुस्तकांतील रोगांची चित्रे आणि येथील शवविच्छेदनात प्रत्यक्ष दिसणारे रोग यांत तफावत आहे, हे भारतात विकृतिशास्त्र शिकवणाऱ्याला पदोपदी जाणवणारे वास्तव होते. युरोपातील पुस्तकात तोंडाच्या कर्करोगाला चार ओळी पुरत. मुंबईतील वॉर्डांत मात्र त्याच रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येत.

या विसंगतीचा शोध घेण्याची संधी त्यांना १९४१ मध्ये मिळाली. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. पुढच्या वर्षी सर दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे दरवाजे उघडले. प्रयोगशाळा व संशोधन विभागाची धुरा खानोलकर यांच्याकडे आली. तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येथे येऊ लागले. बिहारचा हमाल, आंध्रच्या किनाऱ्यावरची कोळीण, दख्खनचा शेतकरी, मुंबईचा पारशी कारकून हे सारे एकाच इमारतीत भेटत होते. संशोधकाच्या दृष्टीने ही एक दुर्मीळ जागा होती. देशभर फिरून जे पाहावे लागले असते, ते येथे नोंदवहीच्या पानांवर उतरत होते.

खानोलकर यांनी ती नोंदवही काटेकोरपणे ठेवली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा त्यांचा आढावा १९४४ मध्ये अमेरिकेतील कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यापूर्वी दक्षिण भारतात काही मिशनरी डॉक्टरांनी पान-तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्यातील नात्याकडे लक्ष वेधले होते. त्रावणकोरमधील रुग्णांवरील ऑर यांचा लेख १९३३ चा. खानोलकरांच्या कामाचे वेगळेपण त्याच्या व्याप्तीत आणि शिस्तीत होते. गाठ तोंडात नेमकी कोठे आहे, रुग्ण कोणत्या प्रांतातला, कोणत्या समाजातला, तो काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, या साऱ्यांचा मेळ घालण्याची ही पद्धत होती. आज याला रोगपरिस्थितिविज्ञान म्हणतात आणि त्यासाठी संगणक वापरतात. तेव्हा हाताशी होते ते केसपेपर आणि काचपट्ट्या.

या पद्धतीचे सर्वांत लक्षवेधी फलित पुढच्याच वर्षी समोर आले. डॉ. सूर्याबाई यांच्यासमवेत खानोलकर यांनी १९४५ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे भारतातील तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते.

पहिला प्रकार खैनीचा. उत्तर भारतात, विशेषतः बिहार व उत्तर प्रदेशात, तंबाखू चुन्यासह तळहातावर मळून खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधील खाचेत ठेवण्याची रीत आहे. या रुग्णांची गाठ नेमकी त्याच खाचेत उगवत होती. गालात नाही, जिभेवर नाही; जेथे चिमूट ठेवायची तेथेच. दुसरा प्रकार चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारी भागात चुट्टा नावाचा देशी चिरूट जळते टोक तोंडात ठेवून ओढला जाई. ही सवय स्त्रियांमध्ये अधिक होती. जगात इतरत्र टाळूच्या कठीण भागाचा कर्करोग विरळा. येथे मात्र तो वारंवार दिसत होता, कारण निखारा त्या टाळूच्या अगदी खाली असे. आणि तिसरा प्रकार धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतराखाली त्वचेचा रंग उडतो, ती खरखरीत होते, जखम होते, भरते, पुन्हा होते आणि दीर्घ काळानंतर काही थोड्या जणांत तेथे कर्करोग उद्भवतो. काश्मीरमध्ये थंडीसाठी पोटाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीमुळे मांडीच्या व पोटाच्या त्वचेला होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता. खानोलकरांचा धोतर-कर्करोग त्याच कुळातला.

तीनही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. रोगाचा पत्ता आणि सवयीचा पत्ता एकच निघतो. कर्करोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप किंवा नशिबाचा फेरा, अशी समजूत घराघरांत असताना हे निरीक्षण किती मोलाचे होते, याची कल्पना आज सहजासहजी येत नाही. नशीब काही ओठाची खाच निवडून बसत नाही.

परंतु सवय आणि गाठ यांच्यामध्ये, ऊतींच्या आत, काय घडते? त्यासाठी पेशींच्या जगात थोडे डोकवावे लागेल.

तोंडाच्या आतील आवरणात पेशींचे अनेक थर असतात. सर्वांत तळाच्या थरातील पेशी विभाजन पावतात, नव्या पेशी वर सरकतात, चपट्या होतात आणि अखेर गळून पडतात. दोन-तीन आठवड्यांत हे आवरण जवळजवळ नवे होते. ही अव्याहत चालणारी दुरुस्ती आहे, आणि तिच्यावर कडक नियंत्रण असते. जितक्या पेशी गळतात तितक्याच नव्या होतात. प्रत्येक विभाजनापूर्वी पेशीला आपल्या डीएनएची, म्हणजे सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्यांच्या मजकुराची, संपूर्ण नक्कल करावी लागते. नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका पेशीच दुरुस्त करते.

आता या आवरणावर दाहक पदार्थ पडू लागला, तर काय होईल? चुना घ्या. तो तीव्र अल्कली आहे. त्याने वरच्या पेशी भाजतात, मरतात, आणि तळाच्या थराला अधिक वेगाने विभाजित होण्याचा निरोप जातो. जखम भरण्यासाठी हे आवश्यकच असते. पण जखम रोज होत असेल तर विभाजनाचा वेगही रोजच वाढलेला राहतो. आवरण जाड होते, त्यावर पांढरा चट्टा दिसू लागतो. एवढ्यावर कर्करोग होतोच असे नाही. दाहक पदार्थ पेशींना घाई करायला लावतो. मजकूर बिघडवण्याचे काम मुख्यतः कर्करोगकारक पदार्थ करतो. तंबाखूतील नायट्रोसअमाइन किंवा धुरातील बेंझोपायरीन यांचे शरीरात असे रूपांतर होते की ते डीएनएच्या अक्षरांना चिकटून बसतात. पेशीला सवड मिळाली तर ती हा बिघाड कापून काढते. मात्र दुरुस्तीपूर्वीच विभाजन झाले, तर चूक नव्या पेशीत कायमची लिहिली जाते आणि तिच्या साऱ्या वंशजांकडे जाते. दाहक आणि कर्करोगकारक पदार्थ एकत्र येणे घातक ठरते ते यामुळेच. एक चुका करतो, दुसरा त्या दुरुस्त होण्यापूर्वी छापायला लावतो.

या युतीचा प्रायोगिक पुरावा खानोलकर परळला रुजू होत असतानाच ऑक्सफर्डमध्ये मिळत होता. आयझॅक बेरेनब्लूम यांनी उंदरांच्या त्वचेवर कर्करोगकारक रसायनाबरोबर क्रोटनच्या बियांपासून मिळणारा तीव्र दाहक पदार्थ लावून पाहिला. हे क्रोटन म्हणजे आपल्याकडील वैद्यांच्या परिचयाचा जमालगोटा. पुढे १९४४ मध्ये मॉट्रम यांनी हा प्रयोग अधिक सुटसुटीत केला. कर्करोगकारक रसायनाची एकच अल्प मात्रा द्यायची. तेवढ्याने सहसा काही होत नाही. नुसते जमालगोट्याचे तेल लावत राहिले तरी त्वचा लाल होते, इतकेच. मात्र आधी रसायनाची ती एक मात्रा आणि मग पुन्हा पुन्हा तेल, असा क्रम ठेवला की गाठी उगवू लागतात. क्रम उलटा केला की उगवत नाहीत. प्रारंभ आणि प्रवर्तन अशा दोन टप्प्यांत कर्करोग घडतो, ही कल्पना या प्रयोगांतून स्थिरावली. प्रारंभ एकदाच व्हावा लागतो. पेशीची ती आठवण पुसली जात नाही.

खैनीच्या चिमटीत या दोन्ही भूमिका एकत्र आढळतात. चुना दाहकाची आणि तंबाखू कर्करोगकारकाची. चुट्ट्यात निखाऱ्याची उष्णता आणि धुरातील डांबर. धोतराचे कोडे मात्र वेगळे आहे. तेथे ठळकपणे बोट ठेवावे असे रसायन नाही, आहे ते केवळ घर्षण, घाम आणि वर्षानुवर्षांची न भरणारी जखम. लाखो लोकांनी आयुष्यभर धोतर नेसले आणि त्यांतील अगदी मोजक्यांनाच हा रोग झाला. निव्वळ वेगाने होणारे पेशीविभाजनही, पुरेशी वर्षे चालू राहिले तर, चुकांचा साठा करू शकते असा याचा अर्थ लावता येतो. पण ते किती दुर्मीळ आहे, हेही त्याच आकड्यांतून दिसते. तंबाखूची गोष्ट दुर्मीळ नाही.

मग रोगाचे मूळ सवयीत आहे की वंशात? मुंबईतील निरनिराळ्या समाजांत कर्करोगाचे प्रमाण वेगवेगळे दिसत होते. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक, तर अन्य समाजांत गर्भाशयमुखाचा. हा फरक रक्तातला असू शकतो, ही शंका खानोलकरांनी झटकून टाकली नाही. त्यांनी आपले तरुण सहकारी एल. डी. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा समाजांच्या रक्तगटांचा व अन्य आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतीय मानवी आनुवंशिकीतील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत आज त्याची गणना होते. आपल्या आवडत्या सिद्धांताच्या विरुद्ध जाऊ शकेल असा पुरावा स्वतःहून शोधायला निघणारे संशोधक थोडे असतात.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना केली. हे वर्ष १९५२. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. रुग्णालयात दिसलेले नाते प्रयोगशाळेत पडताळून पाहायचे, ही या केंद्रामागील भूमिका होती, आणि त्यासाठी त्यांनी माणसे हेरली. त्यांत सर्वाधिक नावाजल्या त्या पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजेच डॉ. कमल रणदिवे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या आणि वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. केलेल्या या विद्यार्थिनीने खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्या अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन आल्या आणि परतल्यावर त्यांनी परळला ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातील अशी ती पहिलीच. शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत पेशी वाढवायच्या आणि त्यांचे विभाजन प्रत्यक्ष पाहायचे, हे तंत्र येथे प्रथमच रुजले. सुपारी आणि तंबाखू यांच्या अर्कांचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, याचे रणदिवे व सहकाऱ्यांचे प्रयोग १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. तंबाखूइतकाच संशय सुपारीवरही घ्यावा लागेल, हे त्यांतून पुढे आले. खानोलकर तेव्हा हयात होते.

बिडीशी थेट संबंध असलेला त्यांचा शोधनिबंध त्याआधीचा, १९५५ चा. संघवी आणि राव यांच्यासह लिहिलेला हा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे डॉल आणि हिल यांचे गाजलेले संशोधन त्याच नियतकालिकात १९५० मध्ये आले होते. खानोलकर व सहकाऱ्यांनी भारतीय प्रश्न विचारला. येथील माणूस सिगारेटपेक्षा बिडी ओढतो आणि तंबाखू चघळतो; मग येथे काय होते? उत्तर पुन्हा जागेचेच होते. चघळणाऱ्यांत मुख्यतः गाल, हिरडी अशा तोंडाच्या पुढील भागांत रोग आढळला. ओढणाऱ्यांत जिभेचे मूळ आणि घसा अशा मागील भागांत. दोन्ही सवयी असणाऱ्यांना धोका अधिक. तेंदूच्या पानातून हवा सिगारेटच्या कागदाइतकी सहज आत शिरत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात. पानात गुंडाळलेली म्हणून ती सौम्य, हा समज निराधार आहे.

हे १९५५ मध्ये छापून आले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारने वैधानिक इशाऱ्याचा कायदा केला तो फक्त सिगारेटसाठी. बिडी त्यातून वगळलेली राहिली. परळच्या प्रयोगशाळेने ज्या वस्तूकडे बोट दाखवले होते, तिच्या बंडलावर इशारा छापण्याची सक्ती नव्हती, आणि जी वस्तू तुलनेने थोडे लोक वापरत, तिच्या पाकिटावर होती. बिडीला कायद्याच्या कक्षेत आणायला २००३ साल उजाडावे लागले. चित्रमय इशारे आले ते ३१ मे २००९ पासून. यामागे रोजगाराची चिंता होती आणि ती खोटी नव्हती, हे गोंदियासारख्या जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. बिडी वळणाऱ्या स्त्रीला दिवसभर तंबाखूची धूळ श्वासावाटे आणि त्वचेवाटे सहन करावी लागते. तिच्यासाठी पर्यायी काम उभे करण्याचा विषय मात्र त्या पन्नास वर्षांत कायम मागे पडत गेला.

खानोलकर यांच्या कार्याचे इतर पैलू थोडक्यात सांगायचे तर कुष्ठरोगाचा उल्लेख प्रथम करावा लागेल. या रोगाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील त्वचा आणि मज्जातंतू यांचा सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी केलेला अभ्यास आजही उद्धृत केला जातो. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी १९५० ते १९५४ या काळात भूषवले. मुंबई विद्यापीठाचे ते १९६० ते १९६३ पर्यंत कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद आणि पद्मभूषण हे सन्मानही त्यांना लाभले. पदांची ही यादी मोठी असली, तरी त्यांचे नाव जगभरच्या संदर्भसूचींत टिकले ते चाळीस आणि पन्नासच्या दशकांतील त्या मोजक्या निबंधांमुळे.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, डॉ. खानोलकर यांचे निधन झाले. पेशींच्या आत नेमके काय घडते, याचे बरेचसे तपशील त्यानंतर उलगडले. पेशीच्या विभाजनाला लगाम घालणाऱ्या पी-५३ या जनुकाच्या ठरावीक जागांवरच बेंझोपायरीनपासून तयार होणारा पदार्थ चिकटतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगात बिघाडही त्याच जागांवर आढळतात, हे १९९६ मध्ये दाखवण्यात आले. सवय आणि गाठ यांचा पत्ता एकच असतो, हे खानोलकरांनी ओठ आणि टाळू पाहून ओळखले होते. अर्ध्या शतकानंतर ते डीएनएच्या अक्षरांपर्यंत खरे ठरले.

सुपारीबाबतचा निर्णय यायला अधिक वेळ लागला. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये टाळू व घशाजवळील आवरण कठीण होऊन तोंड उघडेनासे होण्याच्या विकाराचे वर्णन केले होते. त्याचे मुख्य कारण सुपारी हे पुढे स्पष्ट झाले. सुपारीतील अरेकोलीन आवरणाखालील तंतू वाढवते, वरचे आवरण पातळ पडते आणि अशा तोंडात कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूसह पानविडा माणसासाठी कर्करोगकारक असल्याचे १९८५ मध्ये जाहीर केले, आणि २००४ मध्ये तंबाखूविना नुसती सुपारीही त्याच वर्गात टाकली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. खर्रा कारखान्यात तयार होत नाही. तो ठेल्यावर, गिऱ्हाइकासमोर, लागेल तसा घोटला जातो, त्यामुळे त्याला आवर घालणे कठीण जाते. त्याचे घटक मात्र तेच आहेत. दाहक चुना, कर्करोगकारक तंबाखू आणि दोन्ही कामे करणारी सुपारी, तीही गालाच्या एकाच कोपऱ्यात तासन् तास धरलेली. खानोलकरांच्या नोंदवहीत त्याला स्वतंत्र रकाना मिळाला असता.

परळचे संशोधन केंद्र १९६६ मध्ये टाटा मेमोरियल केंद्रात विलीन झाले आणि २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या विस्तीर्ण आवारात हलले. तेथील एका प्रयोगशाळा-इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडील रुग्ण तपासणीसाठी प्रथम नागपूर गाठतात. गालातून घेतलेला तुकडा मेणात बसवून, कापून, रंगवून काचपट्टीवर चढवला जातो आणि अहवालात गाठीची नेमकी जागा व रुग्णाची सवय यांची नोंद केली जाते.